वहिनी, ट्रॅक खरखरीत होतोय

वहिनी, आपला ट्रॅक पुन्हा करतायत. ही बातमी तुला मीच द्यायला हवी. दुसऱ्या कोणी आधी दिली असती तर तू आठ दिवस माझ्याशी अबोला धरला असतास. आज तुला जाऊन सतरावा दिवस, आणि न बोलण्याचे तुझे स्वतःचे सगळे जुने विक्रम तू मोडलेस.

भेटायला माणसं येतात. ओटीवर बसतात, डोळे पुसतात आणि म्हणतात, ‘किती शांत बाई. कधी कोणाशी आवाज चढवून बोलल्या नाहीत.’ मी पदर तोंडाला लावते. त्यांना वाटतं मला रडू आवरत नाही. आवाज तू चढवत नव्हतीस हे खरंच आहे. तू तो खाली उतरवायचीस. अगदी हळू एक वाक्य बोलायचीस आणि उठून चुलीकडे जायचीस, आणि ऐकणारा चार दिवस जेवताना मध्येच थांबायचा. पण हे आलेल्या माणसांना कसं सांगू? मेलेल्या बाईला शांत म्हणायचं असा रिवाज आहे. माझ्या वेळी मला काय म्हणतील याची मला काळजी वाटायला लागली आहे.

आपण सख्ख्या जावा. तू थोरल्याची बायको म्हणून थोरली, मी धाकट्याची म्हणून धाकटी. घोळ एवढाच, की वयाने मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लग्न झालं तेव्हा मी चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली, वक्तृत्वाची ढाल मिळवलेली. ती ढाल मी सासरी ट्रंकेतून आणली होती, यावरून काय ते समजावं. आणि समोर तू, बावीस वर्षांची, सातवी पास, हात पिठाचे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘थोरलीला वाक.’ माझ्या डोक्यात एकदम सगळं विद्यापीठ उभं राहिलं. मी वाकले, पण नमस्काराला नाही. ‘अगो बाई, जोडवं पडलं वाटतं,’ म्हणत तुझ्या पायाशी जमीन चाचपत राहिले. चांगली दहा मिनिटं. जोडवं माझ्या मुठीत होतं. शेवटी तू माझ्यापुरतं म्हणालीस, ‘राहू दे गो. वाकलीस तेवढं पुरे.’

सासूबाईंना ते ऐकू गेलं नाही. मला अजून ऐकू येतं. ती चोवीस वर्षांची शहाणी आज माझ्यासमोर आली ना, तर तिच्या मुठीतलं जोडवं काढून घेऊन मी तिला ढालीसकट माहेरी धाडीन.

त्यानंतरची एकोणपन्नास वर्षं एकाच घराचे दोन भाग, मध्ये एक सामायिक खळं म्हणजे अंगण, माणसांत ‘वहिनी, तुम्ही’ आणि मागल्या दारी ‘तू गो’. दोघे भाऊ तुझ्याआधीच गेले. त्यांच्या मागे भांडायला घरात आपण दोघीच उरलो, आणि आपण ते काम मनापासून केलं.

ट्रॅक आला तेव्हा मी पासष्ट ओलांडलेली. त्याआधी आपल्या दगडी गडग्याबाहेरून, देवळापासून सड्याच्या माळाच्या टोकापर्यंत, तांबड्या मातीची वाट होती. तिच्यावर गुळगुळीत कोबा केला, कडेला बाकं ठेवली आणि पाटी लावली: ‘चालणे, धावणे, सायकल व इतर उपयोगांसाठी.’ टोकावरून खाली भाट्याची पुळण आणि समुद्र दिसतो, म्हणून शहरातली माणसं सकाळ-संध्याकाळ चालायला येऊ लागली. चालणाऱ्यांचं मंडळ निघालं आणि मी त्याची सचिव झाले. तुला सचिव म्हणजे काय ते ठाऊक नाही असं तू दाखवलंस. चार बायकांत विचारलंस, ‘म्हणजे मुकादम ना गो?’

मी चोवीसची असताना मूर्ख होते असं मी सगळ्यांना मोठ्या प्रेमाने सांगते. पासष्टची असताना काय होते ते सांगायला मात्र जीभ अडखळते. नातीने मुंबईहून पाठवलेले पांढरे बूट, वर खोचलेली पाचवारी आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कशासाठी हे मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पहिल्याच मे महिन्यात मी सकाळी ट्रॅकवर उतरले तर तुझ्या दारापासून पंधरा हात कोबा झाडून पुसून स्वच्छ, त्यावर मामंजींची जुनी धोतरं पसरलेली आणि त्यांवर रातांब्यांच्या साली, ओळीने, एकीला एक न चिकटता.

‘वहिनी, हे काय?’

‘आमसुलं.’

‘ते दिसतंय. इथे कशी?’

‘ऊन इथे आहे.’

मी घरी जाऊन मंडळाच्या लेटरहेडवर नोटीस काढली. ‘ट्रॅकवर वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून, सचिव.’ खाली सही केली, तारीख घातली आणि खळं ओलांडून बारा पावलांवर तुझ्या हातात आणून दिली. तू ती लांब धरून सबंध वाचलीस. मग म्हणालीस, ‘अक्षर चांगलं आहे हो. ही सचिव राहते कुठे?’ आणि माझं मनगट धरून मला पाटीपाशी नेलंस.

‘वाच.’

मी वाचलं.

‘इतर म्हणजे कोण?’

मी बी.ए., मी पाटी पुन्हा वाचली.

‘आम्ही इतर,’ म्हणालीस आणि कावळा हाकायला गेलीस.

मग वाडीची भीडच चेपली. आठ दिवसांत ट्रॅकवर काजूबिया आल्या, फणसपोळी आली, तांदळाचे पापड आले, खालच्या वाडीतून सुकट आली. चालायला येणारी माणसं सापासारखी वळणं घेत चालायला लागली. बँकेतून निवृत्त झालेले ते साहेब, आपल्या मंडळाचे अध्यक्ष, फोनवर बोलता बोलता तुझ्या साली तुडवून गेले. त्यांच्या बुटांची लालजांभळी पावलं टोकापर्यंत आणि टोकावरून परत. मला वाटलं आता तू माफी मागशील. तू त्यांना थांबवलंस आणि म्हणालीस, ‘साहेब, उद्यापासून पाय धुऊन येत जा. खायची वस्तू आहे.’ दुसऱ्या दिवशी साहेब आपल्या गडग्याशी आले, बूट हातात घेतले, पंधरा हात कडेकडेने अनवाणी चालले आणि पुढे जाऊन पुन्हा बूट घातले. मी सचिव म्हणून बघत राहिले. मला त्यांनी कधी साधी वाटसुद्धा करून दिली नव्हती.

त्या कोब्याची खरी परीक्षा मात्र जूनपासून व्हायची. जांभ्याचा सडा, चार महिने पाणी, आणि त्या गुळगुळीतावर हिरवंगार शेवाळ. पाय ठेवला की गेलाच. म्हणून दर वर्षी पावसाळाभर ट्रॅक बंद. दोन्ही टोकांना दोरी बांधायची आणि ‘प्रवेश बंद’ची पाटी अडकवायची. ज्यांना डॉक्टरने रोज चाला म्हणून सांगितलंय ते गावात गाड्यांच्या मधून चालायचे. शेवटी यंदा मंजुरी आली: जुना कोबा उकरून नवा थर टाकायचा आणि ट्रॅक बारमाही करायचा. मी म्हटलं, खरखरीत करा. काँक्रीट ओलं असताना त्यावर हिराचा खराटा आडवा ओढायचा, रेघा उमटतात, पावसात पाय धरतो. तू म्हणालीस, गुळगुळीतच हवा.

सबंध हिवाळा आपण यावर भांडलो. तोवर तुझी खाट खिडकीशी आली होती. छातीत पाणी झालं होतं, चार वाक्यांनंतर तुला थांबावं लागायचं, म्हणून तू तीनच बोलायचीस.

‘रेघांत साल अडकते गो. काढताना फाटते. आणि कच येते दाताखाली.’

‘खाली धोतर घाल.’

‘मामंजींना जाऊन तीस वर्षं झाली. धोतरं किती पुरवायची त्यांनी?’

‘मग गच्चीवर वाळव.’

‘गच्चीवर तू चढ. माझे गुडघे तुझ्या मंडळात नाहीत.’

‘अगो, पावसात माणसं पडतील.’

‘पावसात बसावं घरी. चार महिने त्यासाठीच दिलेत.’

‘आणि मधुमेहवाल्यांनी काय करायचं?’

‘माजघरातून ओटीवर आणि ओटीवरून माजघरात. मी तेवढंच चालले जन्मभर. मला कुठे काय झालंय?’ म्हणालीस आणि खोकत बसलीस, आणि मी तुझी पाठ चोळत म्हटलं, ‘बघ.’

तो शेवटचा रविवार. मी मंडळाच्या बैठकीतून दमून आले होते. तुझ्यासाठी चहा घेऊन आले तर तू पहिलंच विचारलंस, ‘कंत्राटदाराला सांगितलंस काय, गुळगुळीत कर म्हणून?’ आणि माझ्या तोंडून गेलं, ‘खाटेवरून उठता येत नाही तुला. आमसुलं काय वर जाऊन वाळवणार आहेस?’

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, ‘तिथे ऊन बरं असेल.’

मी चहा ठेवला आणि पाय आपटत निघून आले. सोमवारी मी तुझ्याकडे आले नाही. कामं होती असं म्हणेन, पण मी रुसले होते. मंगळवारी सकाळी तुझी सून मला हाक मारायला आली.

तू ते बोलणं मनाला लावून घेतलं नसशील, हे मला पक्कं माहीत आहे. तुला जागच्या जागी उत्तर सुचलं होतं, म्हणजे तो दिवस तुझा बराच गेला असणार. लावून घेतलंय ते मी. त्र्याहत्तर वर्षांची झाले, आणि तोंड अजून त्या ढालवालीचंच आहे.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, देवळाच्या सभामंडपात बैठक. हातखंब्याच्या कंत्राटदाराने आपल्या गडग्याबाहेर नमुन्याचे दोन तुकडे करून ठेवले होते, एक रेघांचा, एक सपाट. कोणता ते त्याला त्याच दिवशी कळवायचं होतं, नाहीतर पावसाआधी काम उरकत नव्हतं. साहेब उठले. तुझ्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग साहेब म्हणाले, ‘वहिनींची शेवटची इच्छा होती की ट्रॅक गुळगुळीत असावा. त्यांच्या स्मरणार्थ आपण सपाट नमुना मान्य करू या.’ आणि वहिनी, सगळे हात वर गेले. तुझ्या आमसुलांविरुद्ध ज्यांनी माझ्याकडे लेखी अर्ज दिले होते, त्यांचेसुद्धा. जिवंतपणी तुला एक मत पडलं नसतं.

माझा हात मांडीवरच होता. तो वर केला असता तर मला सोपं गेलं असतं. तुझी इच्छा पुरी झाली असती, त्या रविवारच्या चहाचं ओझं उतरलं असतं, आणि जुलैत रोज चालणाऱ्या तीस-चाळीस माणसांतलं कोणीतरी, बहुतेक साहेबच, त्या स्मरणार्थ कोब्यावर मांडीचं हाड मोडून पडलं असतं. आणि नाही म्हणायचं, तर मेलेल्या जावेच्या विरोधात उभं राहायचं, चौदाव्या दिवशी. बरं, ‘नाही’ का, ते पटवायला माझ्याकडे एकच पुरावा होता, आणि तो फक्त तुला आणि मला ठाऊक होता.

मी उठले आणि म्हटलं, ‘तीन वर्षांपूर्वी माझा पाय मोडला, तो न्हाणीत मोडला नव्हता.’

आणि सगळं सांगितलं. ऑगस्ट होता. दोरी मीच माझ्या हाताने बांधलेली. तरी मला वाटलं, हे बंदबिंद लोकांसाठी, मी सचिव आहे, माझा तोल चांगला आहे. आजूबाजूला कोणी नाही असं बघून दोरीखालून गेले, पांढरे बूट घालून. उतारावर पाय सुटला आणि बसल्या बसल्या पुढच्या बाकापर्यंत घसरत गेले. ट्रॅकवर इतक्या वेगाने त्याआधी किंवा त्यानंतर कोणी गेलेलं नाही. उठता येईना. हाका मारल्या, पावसात कोणाला ऐकू जाणार? तेव्हा शिट्टी वाजवली.

तू आलीस. काखेत झावळ्यांचा भारा. पावसात आपण खळ्यात घालतो तशा त्या कोब्यावर घालत, एक झावळी टाकायची, तिच्यावर पाय द्यायचा, मग पुढची टाकायची, अशी माझ्यापर्यंत. आलीस, वाकून बघितलंस.

‘मोडला काय गो?’

‘मोडला.’

‘कोणी बघितलं?’

‘नाही.’

‘मग न्हाणीत पडलीस.’

पोफळीच्या पानाच्या विरीवर बसवून मुलं एकमेकांना ओढतात तसं मला झावळीवर बसवून तू ओढलंस. मी सत्तर वर्षांची, तू अडुसष्ट. दोघी चिखलाने माखलेल्या, आणि मी कण्हत होते आणि तू हसत होतीस, आणि मग मीही. घरात आणून आधी मला न्हाणीत बसवलंस, वरून दोन तांबे पाणी ओतलंस, साबणाची वडी पायाशी टाकलीस, आणि सगळं जागेवर आहे असं बघूनच ‘धावा गो, धावा’ म्हणून बोंब मारलीस.

तीन महिने तू माझी वेणी घातलीस, अंग पुसलंस, मला भरवलंस आणि वर आलेल्या-गेलेल्याला न्हाणीची कथा इतकी रंगवून सांगितलीस की अर्ध्या वाडीने न्हाणीत रबरी चटया घातल्या. त्यानंतर मंडळात मी जरा मोठ्याने बोलले की तू गडग्यापलीकडून हळूच म्हणायचीस, ‘न्हाणी सांभाळून हो.’ लोकांना वाटायचं, केवढी काळजी या थोरलीला.

साहेबांनी विचारलं, ‘म्हणजे दोरी तुम्हीच बांधली होती?’

‘मीच.’

‘आणि तिच्याखालून गेलात?’

‘वाकून.’

आधी मागच्या बायका हसल्या, मग साहेब, मग सगळे. तू गेल्यापासून वाडी पहिल्यांदा हसली, आणि ती माझ्यावर हसली याचं मला वाईट वाटलं नाही. खरखरीत ठरलं. एकही हात विरोधात गेला नाही. आता मी दुकानात गेले तरी लोक न्हाणीची चौकशी करतात. सचिव म्हणून माझी जी काय किंमत होती ती त्या संध्याकाळी संपली. पण तू रागावशील ती हरलीस म्हणून नाही, हे मला कळतं. तीन वर्षं तू जे जपलंस ते मी पाच मिनिटांत चव्हाट्यावर मांडलं, म्हणून. जपायला सांगितलं कोणी होतं तुला? आणि त्याबद्दल मी एकदाही ‘बरं केलंस’ असं म्हटलं नाही. मला वाटलं, म्हटलं तर तू चढून बसशील.

काम मंगळवारी सुरू झालं. काल गडी आपल्या दारापर्यंत आले. ट्रॅकवर खराटा फिरला, रेघा छान उमटल्या, लावलेल्या भातासारख्या ओळीने. मग मी कंत्राटदाराला कडेला घेतलं आणि गडग्याला लागून, ट्रॅकच्या बाहेर, जागा दाखवली. म्हटलं, इथे चार हात रुंद आणि पंधरा हात लांब एक तुकडा कर, आणि थापीने तासून तासून आरशासारखा कर.

‘काकू, हे नकाशात नाही.’

‘तू थापी बघ. नकाशा मी बघते.’

मंडळाला विचारलेलं नाही. असं कोणी दुसऱ्याने केलं असतं तर मी लाल शाईने नोटीस काढली असती.

सकाळपासून तुझ्या दाराशी खुर्ची टाकून मी ते ओलं राखत बसले आहे, मांडीवर ही वही. दर तासाला पाणी मारते. दोन शेळ्या हाकल्या. एक कुत्रा कोपऱ्यात पाय उमटवून गेला, तो कंत्राटदाराने पुसून दिला. तिघी बायका विचारून गेल्या की इथे वाळवण कोणाचं घालायचं. मी कोणालाच ताकास तूर लागू दिली नाही.

कारण वहिनी, माझी एक अडचण झाली आहे. रातांबे लाल झालेत. तुझं झाड यंदा असं लगडलंय की फांद्या गडग्याला टेकल्या. तुझी सून म्हणते, ‘काकू, मला नाही येत, आई मला हात लावू द्यायच्या नाहीत.’ मला तर काहीच येत नाही. एकोणपन्नास वर्षं मी तुझी आमसुलं खाल्ली आणि ‘मीठ जरा जास्त झालं’ एवढंच म्हटलं. गरात मीठ किती घालायचं? रसाची पुटं पाच द्यायची का सात? पहिल्या दिवशी सालीची कोणती बाजू वर? सबंध हिवाळा तुझ्या खाटेशी बसले, कोबा गुळगुळीत की खरखरीत यावर घसा कोरडा केला, आणि हे विचारलं नाही. तू तुझ्या तीन वाक्यांत सांगितलं असतंस. माफी मागायची राहिली त्याचं एवढं नाही. ती तू दिलीच असतीस, वर एक टोमणा मारून. पण पुटं किती, हे आता मला कोण सांगणार?

तुकडा सुकला की रातांबे उतरवून घेते. सात पुटं देते, होईल ते होईल. बिघडली, तर थोरलीच्या हातची शेवटची आमसुलं म्हणून वाडीत घरोघर वाटीन. कोणाची नावं ठेवायची छाती होणार नाही. चांगली झाली, तर मात्र ती मी केली असं सांगणार आहे.